तीन वर्षे सिरिंज पंपासोबत: एका परिचारिकेचे परीक्षण

प्रादेशिक रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात आणि त्याला लागून असलेल्या चार खाटांच्या अतिदक्षता कक्षात मी परिचारिका म्हणून काम करते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे सहा सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या ठरलेल्या वेगाने ढकलून औषध शिरेत सोडणारी यंत्रे, आली आणि त्यानंतर त्यांतील एखादा तरी माझ्या देखरेखीखाली नाही अशी ड्यूटी क्वचितच गेली असेल. हे परीक्षण त्या सहा पंपांचे आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या खोडी पुढे सांगणार आहे त्यांतील बहुतेक या जातीच्या यंत्रांत कमीअधिक प्रमाणात असतातच, आणि नाव वाचून ‘म्हणजे दुसऱ्या कंपनीचा घेतला की झाले’ असा सोयीचा निष्कर्ष कोणी काढू नये. खरेदीच्या वेळी प्रात्यक्षिक झाले ते दुपारी, सभागृहात, टेबलावर ठेवलेल्या पंपावर आणि पाण्याने भरलेल्या सिरिंजवर. माझे मत रात्री तीन वाजताच्या वापरावरून बनलेले आहे, आणि दोन्हींत बरेच अंतर पडते.

पंप येण्यापूर्वी आम्ही थेंब मोजत होतो. साध्या ड्रिप सेटमधून २० थेंबांचा १ मिलि होतो आणि मायक्रोड्रिप सेटमधून ६० थेंबांचा. त्यामुळे तासाला १०० मिलि सलाइन द्यायचे असेल तर साध्या सेटवर मिनिटाला ३३ थेंब सोडायचे, आणि मायक्रोड्रिपवर तर हिशेबच नको, कारण तासाचे मिलि आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो. हे गणित कोणतीही परिचारिका झोपेतून उठवली तरी सांगेल. अडचण थेंबाच्या स्वभावाची असते. रुग्णाने कोपर दुमडला, बाटली अर्धी रिकामी झाली, खाटेची उंची बदलली किंवा वेग कमीजास्त करण्याच्या रोलर क्लॅम्पखालची नळी तासाभरात किंचित दबून बसली की आपण घड्याळ लावून ठरवलेला वेग आपल्या मागे हळूच बदलतो. सलाइनच्या बाबतीत हे बहुधा निभावून जाते. नॉरॲड्रेनलिनच्या, म्हणजे खालावलेला रक्तदाब टिकवून धरणाऱ्या औषधाच्या, बाबतीत निभावत नाही.

तेथेच या यंत्राची खरी किंमत कळते. ४ मिलिग्रॅम नॉरॲड्रेनलिन ५० मिलिमध्ये मिसळले की एका मिलिमध्ये ८० मायक्रोग्रॅम येते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोमागे दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे ठरले, तर पंपावर तासाला ४.५ मिलि असा वेग लावावा लागतो. या वेगाने ५० मिलिच्या सिरिंजचा दट्ट्या तासाभरात एक सेंटिमीटरही सरकत नाही. आतली मोटर टप्प्याटप्प्याने फिरते, ती एक लांब स्क्रू फिरवते, स्क्रू दट्ट्यामागचा ढकलणारा भाग पुढे नेतो, आणि हे सगळे इतक्या संथपणे होते की डोळ्यांना काहीच दिसत नाही. इतका सूक्ष्म आणि सलग दाब माणसाच्या हाताला किंवा रोलर क्लॅम्पला साधणे अशक्य आहे. तीन वर्षांत सहापैकी एकाही पंपाची मोटर बिघडलेली नाही, आणि दर काही तासांनी सिरिंजवरच्या खुणा पाहून मी जो हिशेब चार्टवर मांडते, तो पंपाच्या पडद्यावरील एकूण आकड्याशी जवळजवळ नेहमी जुळतो. ‘जवळजवळ’ का, ते पुढे येते. पण मूळ कामात, म्हणजे ठरलेले औषध ठरलेल्या वेगाने देत राहण्यात, या पंपाला मी पूर्ण गुण देते.

आता सिरिंज बसवण्याबद्दल. बॅरलवर, म्हणजे सिरिंजच्या नळकांड्यावर, येणारा क्लॅम्प सिरिंजची जाडी ओळखतो आणि पडद्यावर ‘५० मिलि’ असे दाखवून सिरिंजच्या कंपनीची यादी समोर ठेवतो. यादीतून बरोबर नाव निवडून ‘होय’ म्हणायचे असते. प्रात्यक्षिकात ही पायरी एका सेकंदात झाली होती, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु पंपाला सिरिंजच्या आत किती औषध आहे हे दिसत नाही. दट्ट्या किती मिलिमीटर सरकला एवढेच त्याला कळते, आणि त्यावरून मिलिलिटर काढण्यासाठी तो निवडलेल्या कंपनीच्या सिरिंजचा अंतर्व्यास आपल्या कोष्टकातून उचलतो. घनफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्यास ५ टक्क्यांनी चुकला की औषध सुमारे १० टक्क्यांनी चुकते. मोठ्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे एकाच कंपनीच्या सिरिंज येत असतील. आमच्यासारख्या ठिकाणी भांडारात जे आले ते वापरावे लागते. दुसऱ्या वर्षी मध्येच वेगळ्याच कंपनीच्या सिरिंज आल्या, त्यांचे नाव यादीत नव्हते, आणि जवळचे वाटणारे एखादे नाव निवडून काम सुरू झाले. चार्टवरील हिशेब आणि सिरिंजवरील खुण जुळेनाशी झाली तेव्हा ते लक्षात आले. कंपनीच्या अभियंत्याने नंतर येऊन नवी सिरिंज कोष्टकात घातली, पण त्या भेटीसाठी आम्हाला अनेक आठवडे थांबावे लागले. यादी अद्ययावत करण्याची सोय रुग्णालयाच्या स्वतःच्या तंत्रज्ञाकडे द्यायला हवी होती, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी गोष्ट तक्रार म्हणून मांडू की शिकवणुकीतील उणीव म्हणून, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पंप आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या ड्यूटीत एका रुग्णाची नॉरॲड्रेनलिनची सिरिंज संपत आली. मी नवी भरली, जुनी काढली, नवी बसवली, वेग तोच ठेवला आणि ‘स्टार्ट’ दाबले. पडद्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता, आकडे पुढे सरकत होते, आणि काही मिनिटांतच रक्तदाब झरझर खाली येऊ लागला. पंप चालू होता, पण औषध जात नव्हते. नवी सिरिंज बसवताना दट्ट्याचे टोक आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यात बारीकशी फट राहते, रबरी टोकही आधी थोडे दबते, आणि ही ढिलाई भरून निघेपर्यंत सिरिंजमधून काहीच बाहेर पडत नाही. ५० मिलिच्या सिरिंजमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट म्हणजे साधारण पाव मिलि औषध. तासाला १ मिलि वेग असेल तर ती भरायला पंधरा मिनिटे जातात. नॉरॲड्रेनलिनचा रक्तातील अर्धायुकाल, म्हणजे ते निम्म्यावर येण्याचा वेळ, दोन-अडीच मिनिटांचा असल्यामुळे रुग्णाचे शरीर इतका वेळ वाट पाहत नाही. त्या रात्री डॉक्टर शेजारच्याच खाटेजवळ होते म्हणून वेळ निभावली.

यावर उपाय आहे आणि तो पंपातच आहे. नवी सिरिंज बसवल्यावर नळी रुग्णाला जोडण्याआधी ‘पर्ज’ची कळ दाबून धरायची, नळीच्या टोकाला थेंब आला की ढिलाई संपली असे समजायचे आणि मगच जोडायचे. शिवाय रक्तदाबाच्या औषधांसाठी आम्ही आता जुनी सिरिंज संपण्याआधीच दुसऱ्या पंपावर नवी चालू करतो आणि दुसरीचा परिणाम दिसू लागला की पहिलीचा वेग टप्प्याने उतरवतो. याला एका रुग्णामागे काही काळ दोन पंप लागतात. सहा पंप पुरेसे आहेत असे खरेदीच्या वेळी ज्यांनी ठरवले, त्यांनी हा हिशेब धरलेला नव्हता. पर्जची कळ पुस्तिकेत आहे, पण ‘नळीतील हवा काढण्यासाठी’ एवढेच तिथे लिहिले आहे. ढिलाईबद्दल एक वाक्य असते तरी ती रात्र टळली असती.

अलार्मविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या यंत्राशी आमचे बहुतेक बोलणे अलार्ममधूनच होते. सिरिंज संपत आल्याची पूर्वसूचना ही या पंपातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. ती आपण मिनिटांत ठरवू शकतो, आणि आम्ही ती तीस मिनिटांवर ठेवली आहे, म्हणजे नवीन औषध भरून, दोघींनी लेबल तपासून, दुसरा पंप लावायला वेळ मिळतो. हा आवाज हलका, दोन सुरांचा असतो आणि घाबरवत नाही. याउलट नळी अडल्याचा अलार्म, ज्याला आम्ही सगळ्या नुसते ‘ऑक्लूजन’ म्हणतो, तो कर्कश आहे, तांबडा दिवा पेटवतो, आणि आवाज बंद करण्याची कळ दाबल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. हे बरोबरच आहे. पण या अलार्मची एक मर्यादा अशी, की तो नळी अडल्याबरोबर वाजत नाही. पंप ढकलत राहतो, नळी आणि रबर थोडे ताणत राहतात, आणि ठरवलेली दाबाची मर्यादा ओलांडली गेली की मग आवाज येतो. ५० मिलिच्या सिरिंजमधून तासाला १ मिलि एवढ्या कमी वेगाने औषध जात असेल तर यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो. थ्री-वेची, म्हणजे नळीच्या जोडावरील तीन तोंडांच्या तोटीची, चावी चुकून बंद राहिली तर अर्धा तास रुग्णाला काहीही मिळत नाही आणि यंत्र मात्र सगळे सुरळीत असल्यासारखे दिसते.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कमी वेगासाठी लहान सिरिंज वापरणे. तीत तेवढ्याच औषधासाठी दट्ट्या अधिक अंतर चालतो आणि रबरही कमी दबते, त्यामुळे दाब लवकर चढतो. दुसरा म्हणजे दाबाची मर्यादा खाली आणणे. आमचे पंप आले तेव्हा ती सर्वांत वरच्या पायरीवर होती. बहुधा प्रात्यक्षिकात अलार्म सारखे वाजू नयेत म्हणून तशी ठेवली असावी, पण हा माझा अंदाज आहे. ती मधल्या पायरीवर आणल्यापासून रुग्णाने हात दुमडला की अलार्म वाजतो आणि आम्हाला उठावे लागते. मला तेच बरे वाटते. माझ्या सहकाऱ्यांपैकी निम्म्या जणींना वाटत नाही, आणि त्यांचेही चुकत नाही, कारण तीस रुग्णांमागे दोघी असताना प्रत्येक खोटा अलार्म कोणाच्या तरी खऱ्या गरजेतून वेळ काढून घेतो.

ऑक्लूजनचा अलार्म वाजल्यावर काय करायचे, हे मी प्रत्येक नव्या सिस्टरला पहिल्याच दिवशी सांगते, कारण सहज प्रवृत्ती येथे चुकीची ठरते. अलार्म वाजला, पाहिले तर थ्री-वे बंद, हात आपोआप चावीकडे जातो. ती उघडली की नळीत साठलेला सगळा दाब एकदम मोकळा होतो आणि अडून राहिलेले औषध एका झटक्यात रुग्णाच्या शिरेत जाते. नॉरॲड्रेनलिन असेल तर रक्तदाब क्षणात उसळतो. इन्सुलिन असेल तर परिणाम उशिरा दिसतो, म्हणून अधिक फसवा. आधी पंप थांबवायचा, नळी रुग्णापासून सोडवून दाब बाहेर घालवायचा, मग जोडायची. काही पंप अडथळा ओळखल्यावर दट्ट्या आपणहून किंचित मागे घेतात. आमच्या पंपातही ही सोय आहे, पण ती बंद अवस्थेत येते आणि चालू करायला अभियंत्याचा पासवर्ड लागतो. सुरक्षिततेची सोय मुळात बंद का ठेवावी, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

कळफलक हा या पंपाचा सर्वांत दुबळा भाग आहे. त्यावर आकडे नाहीत. वर-खाली असे बाण आहेत आणि बाण दाबून धरला की आकडा आधी हळू आणि मग एकदम वेगाने पळतो. ४.५ वरून ५ वर जायचे असते आणि बोट उचलेपर्यंत ९ होतात. हातमोजे घातलेले असतील तर आणखी पंचाईत. सुदैवाने नवा वेग लागू होण्यासाठी पुन्हा एक कळ दाबून तो पक्का करावा लागतो, त्यामुळे चूक पडद्यावरच अडते. पण दीड वर्षानंतर दोन पंपांच्या कळा अशा झाल्या की एकदा दाबले तरी दोनदा दाबल्याची नोंद होऊ लागली. मला वाटले माझेच बोट थरथरते आहे. नंतर कळले की हा जगभर माहीत असलेला दोष आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये सर्व प्रकारच्या इन्फ्यूजन पंपांच्या, म्हणजे शरीरात औषध किंवा द्रव सोडणाऱ्या पंपांच्या, सुरक्षिततेसाठी मोहीम हाती घेतली, तेव्हा २००५ ते २००९ या काळात त्यांच्याकडे अशा पंपांशी संबंधित सुमारे ५६,००० प्रतिकूल घटनांच्या नोंदी आल्या होत्या आणि ८७ वेळा पंप परत मागवावे लागले होते. त्यांनी जी कारणे नोंदवली, त्यांत एक दाब अनेक दाबांसारखा वाचला जाणे हे स्पष्टपणे आहे. आमचे ते दोन पंप दुरुस्त होऊन आले आहेत, परंतु त्यांवर मी आजही आकडा दोनदा वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

आकडा कशाचा आहे, हेही महत्त्वाचे असते. आमच्या पंपाच्या पडद्यावर ‘मिलि प्रति तास’ हे एकक मोठ्या अक्षरांत, आकड्याच्या शेजारीच दिसते, आणि या साध्या गोष्टीबद्दल मी कंपनीचे मनापासून कौतुक करते. वेदनाशामक औषधांसाठी ब्रिटनमध्ये अनेक वर्षे वापरात असलेल्या एका छोट्या सिरिंज ड्रायव्हरची दोन मॉडेल्स होती. दिसायला जवळजवळ सारखी, पण एकाचा वेग तासाला किती मिलिमीटर असा लावायचा आणि दुसऱ्याचा २४ तासांना किती मिलिमीटर असा. एकाच्या जागी दुसरा समजून आकडा लावला की दिवसभराचे औषध तासाभरात जाण्याचा धोका. त्यातून रुग्ण दगावल्याच्या नोंदी झाल्यावर २०१० मध्ये तेथील राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्थेने मिलिमीटरवर चालणारे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने हटवून मिलिलिटरवर चालणारे आणण्याची सूचना काढली. आमच्याकडे मिलिमीटरचा प्रश्न नाही, पण दुसरा एक आहे. वर नॉरॲड्रेनलिनचा वेग ४.५ येतो असे सांगितले. त्याच ६० किलोच्या रुग्णाला २०० मिलिग्रॅम डोपामिन (रक्तदाबाचेच दुसरे औषध) ५० मिलिमध्ये मिसळून दर किलोमागे दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम दिले, तर त्याचाही वेग तासाला ४.५ मिलिच येतो. एकावर एक लावलेले दोन पंप, दोन्हींवर ४.५, दोन्हींत पाण्यासारखे पारदर्शक औषध. आमच्या मॉडेलमध्ये पडद्यावर औषधाचे नाव दाखवण्याची सोय नाही. महागड्या पंपांत औषधांची यादी असते, प्रत्येकाची मात्रेची मर्यादा असते आणि ती ओलांडली की पंप विचारतो. आमचा विचारत नाही. म्हणून सिरिंजवर लेबल, नळीच्या रुग्णाकडील टोकाला लेबल आणि पंपाच्या माथ्यावर चिकटपट्टीवर लिहिलेले नाव, असे तिहेरी काम आम्ही हाताने करतो. त्या चिकटपट्टीमुळे पंपाचा माथा चिकट झाला आहे आणि साफसफाईच्या तपासणीत दरवेळी शेरा येतो.

पंपाला रुग्ण दिसत नाही, हे लिहिण्यासारखे नाही असे वाटेल. पण पंप आल्यावर वॉर्डातील वागणूक थोडी बदलली आणि ते मला खटकते. थेंब मोजण्यासाठी आम्हाला दर थोड्या वेळाने खाटेजवळ जावे लागे, आणि गेलो की कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या बारीक नळीची) जागा, हाताची सूज, चेहरा हे सगळे आपोआप पाहिले जाई. आता दुरून हिरवा दिवा दिसला की पाय पुढे वळतात. औषध शिरेबाहेर जाऊन आसपासच्या मांसात उतरू लागले, तर पंप ते निमूट ढकलत राहतो, कारण मऊ भागाचा प्रतिकार अलार्म वाजवण्याइतका बहुधा नसतो. नॉरॲड्रेनलिनने असे झाले तर तेथील त्वचा आणि मांस मरू शकते. झटके रोखण्यासाठी गरोदर किंवा बाळंत स्त्रीला तासाला १ ग्रॅम या वेगाने मॅग्नेशियम सल्फेट चालू असते, तेव्हा गुडघ्याचा रिफ्लेक्स येतो की नाही, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी तर झाला नाही ना, लघवी तासाला किमान ३० मिलि होते ना, हे आपणच पाहायचे असते. रिफ्लेक्स गेला तरी पंप तासाला १ ग्रॅम देतच राहतो. अशा रुग्णाच्या पंपावर आम्ही दर तासाच्या तपासणीचा कागद लटकवतो आणि मॅग्नेशियम जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन त्याच खाटेपाशी ठेवतो. यात यंत्राचा दोष नाही, पण ‘पंपावर आहे, काळजी नको’ हे वाक्य मी ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ऐकते तेव्हा मला काळजी वाटू लागते.

आमच्यासारख्या रुग्णालयासाठी बॅटरीचा प्रश्न कदाचित सर्वांत मोठा आहे. गंभीर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवणे हा आमच्या कामाचा नित्याचा भाग. रुग्णवाहिकेत रुग्णासोबत एक परिचारिका जाते आणि पंपही जातो. पुस्तिकेत बॅटरी आठ तास चालते असे लिहिले आहे. बारीक अक्षरांत पुढे असेही आहे की हा आकडा नव्या, पूर्ण भारित बॅटरीचा आणि तासाला ५ मिलि वेगाचा आहे. पहिल्या वर्षी तो खरा होता. तिसऱ्या वर्षी आमचा सर्वांत जास्त वापरातला पंप दोन तासांच्या आतच बॅटरी संपत आल्याची सूचना देऊ लागला. पडद्यावरचे बॅटरीचे चिन्ह मात्र पूर्ण भरलेले दिसत होते आणि नंतर एकाएकी रिकामे झाले, हे अधिक वाईट. आता आम्ही महिन्यातून एकदा प्रत्येक पंप विजेपासून सोडवून पाण्याच्या सिरिंजवर चालवतो, किती वेळ टिकला ते त्याच्या पाठीवर तारखेसह लिहितो आणि रेफरसाठी निघताना पाठ पाहून पंप निवडतो. बॅटरी बदलणे सोपे आहे, चार स्क्रू काढले की झाले. मिळवणे सोपे नाही.

प्रवासातली आणखी एक गोष्ट प्रात्यक्षिकात कोणी सांगत नाही. पंप रुग्णाच्या छातीच्या पातळीत असावा लागतो. खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना कोणी पंप उचलून उंच धरला की नळीतील दाब बदलतो आणि थोडे औषध जास्तीचे जाते. खाली नेला की तेवढा वेळ प्रवाह थांबतो किंवा रक्त मागे येते. दट्ट्याची पकड सुटली असेल तर उंचावरील सिरिंज आपल्या वजनानेच रिकामी होऊ शकते. आमच्या पंपाची दट्ट्याची पकड भक्कम आहे, ती नीट बसली नसेल तर पंप सुरूच होत नाही, आणि धक्क्यांच्या रस्त्यावरही ती सुटल्याचे मी पाहिलेले नाही. स्टँडला लावण्याचा स्क्रू-क्लॅम्प मात्र स्ट्रेचरच्या जाड दांड्याला बसत नाही, म्हणून पंप रुग्णाच्या पायांजवळ गादीवर आडवा ठेवावा लागतो आणि पडदा पाहण्यासाठी वाकावे लागते.

बाकी किरकोळ. पुसायला सोपा आहे, फक्त कळांच्या भोवतालच्या खाचेत साखरेच्या द्रावणाचा थेंब वाळला तर तो ओल्या फडक्याने बराच वेळ भिजवावा लागतो. वजन बेताचे आहे. रात्री पडद्याचा प्रकाश कमी करता येतो, त्यामुळे रुग्णांची झोप मोडत नाही. पुस्तिका लांबलचक आहे आणि तिच्यातील उपयोगाचा भाग आम्ही दोन पानांवर लिहून पंपांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

आमच्याकडे आणखी चार पंप घेण्याचा प्रस्ताव आहे आणि या वेळी प्रथमच वॉर्डातील परिचारिकांचे मत लेखी मागवले गेले. मी हेच मॉडेल घ्यावे असे लिहिले आहे, कारण मोटर विश्वासार्ह आहे आणि एकाच कक्षात दोन प्रकारचे पंप ठेवले तर घाईच्या वेळी हात चुकीच्या कळेवर जातो. त्यासोबत काही अटी जोडल्या आहेत: अडथळ्यानंतर दट्ट्या मागे घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून चालू असावी, दाबाची मर्यादा मधल्या पायरीवर असावी, सिरिंजची यादी बदलण्याचा अधिकार आमच्या तंत्रज्ञाला असावा, प्रत्येक पंपासोबत एक जादा बॅटरी यावी आणि प्रात्यक्षिक रात्रपाळीच्या परिचारिकांसमोर, चालू वॉर्डात व्हावे. यांपैकी बॅटरीची अट मान्य झाल्याचे कळले आहे. प्रात्यक्षिकाची तारीख अजून आलेली नाही.